उडाला तेव्हा पहिली तुकडी कुठे होती?

मुलगा इंजिनीअरिंगला गेला की घरात एक वाद ठरलेला: अभ्यास सोडून हा कॉलेजच्या प्रोजेक्टमागे का धावतो? अब्बांची काळजी खोटी नाही. फी भरताना अम्मीच्या बांगड्या गेलेल्या असतात, आणि प्रोजेक्टमधून घरात पैसा येत नाही.

अशा वेळी मला पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ उपग्रह आठवतो. दहा सेंटिमीटरचा चौकोनी डबा, वजन किलोभराच्या आत. 2008 च्या सुमारास मुलांनी काम हाती घेतले आणि 22 जून 2016 ला श्रीहरिकोटाहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 ने तो वर नेला. हॅम रेडिओवाल्यांचे निरोप इकडून तिकडे पोहोचवण्यासाठी तो बनवला होता. दिशा धरायला मोटर नाही, आत चुंबक! होकायंत्राची सुई वळते तसा तो वीज न खाता पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळावा, अशी ती रचना होती.

कोर्स चार वर्षांचा, काम आठ वर्षांचे. म्हणजे पहिली आकडेमोड करणारे उड्डाणाच्या दिवशी केव्हाच कॉलेज सोडून गेलेले. मला तर यात सदका-ए-जारियाची झलक दिसते (आलिम मंडळींनी चूक असेल तर सांगावे). बक्षिसाच्या फोटोत मात्र त्या वर्षीचीच मुले असतात.

म्हणून मुलगा किंवा मुलगी सुट्टीत घरी आली की ‘बक्षीस मिळाले का?’ विचारू नका. ‘त्यातले तुझे काम कोणते?’ असे विचारा, आणि जेवण होईपर्यंत ऐका.