हस्तपुस्तिकेची सुरुवात चुकांपासून हवी

'विश्लेषण-अंतिम', 'विश्लेषण-अंतिम-२', 'विश्लेषण-खरेच-अंतिम'... अशा फायलींचा ढीग अनेक संशोधकांच्या संगणकात सापडतो. रुग्णांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष यांपैकी नेमका कोणत्या फायलीतून आला, हे वर्षभराने सांगता आले नाही, तर त्या निष्कर्षावर विश्वास कसा ठेवायचा? यावर उपाय आहे. 'व्हर्जन कंट्रोल' म्हणजेच आवृत्ती-नियंत्रणाची सॉफ्टवेअर प्रत्येक बदल कोणी आणि केव्हा केला याची नोंद ठेवतात, त्यासोबत कारण लिहून ठेवायला लावतात आणि जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट मोकळी ठेवतात.

तरीही अनेक संशोधक त्यांच्या वाटेला जात नाहीत. यात दोष आळसापेक्षा हस्तपुस्तिकांचा अधिक आहे. आज सर्वाधिक वापरले जाणारे 'गिट' लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सवर काम करणाऱ्या तज्ज्ञांसाठी तयार केले. त्यात शंभरहून अधिक आज्ञा आहेत. एकेका आज्ञेला एकेक पान देणारी पुस्तिका जाणकाराला उपयोगी पडते, पण नवख्याला ती देणे म्हणजे शब्दकोश हाती ठेवून भाषा शिकायला सांगणे.

हस्तपुस्तिकेचा आराखडा आज्ञांवरून नव्हे, तर वापरणाऱ्याच्या भीतीवरून आखायला हवा. 'माझे काम पुसले गेले तर?' ही पहिली भीती. तिचे उत्तर तीन प्रसंगांत वेगवेगळे आहे. बदल अजून नोंदलाच नसेल, तर तो कायमचा जाऊ शकतो. नोंदला असेल, तर बहुधा परत मिळतो. सहकाऱ्यांपर्यंत पोहोचला असेल, तर इतिहास पुसण्याऐवजी चूक उलटवणारी नवी नोंद करणे शहाणपणाचे. एवढे तीन परिच्छेद सुरुवातीलाच मिळाले, तर नवख्याचा हात थरथरत नाही.

आरोग्य संशोधकासाठी आणखी एक इशारा पहिल्या पानावरच हवा. रुग्णांची नावे असलेली फाइल एकदा नोंदली गेली, की नंतर ती काढून टाकली तरी जुन्या आवृत्तीत ती राहतेच. ही गोष्ट शेवटच्या प्रकरणात कळून उपयोग नाही.

आतली यंत्रणा समजल्याशिवाय हे सॉफ्टवेअर नीट वापरता येत नाही, असे जाणकार म्हणतात. ते खोटे नाही, पण क्रम महत्त्वाचा. 'प्रो गिट' या २००९ मध्ये आलेल्या आणि मोफत वाचता येणाऱ्या पुस्तकात केलेले काम मागे कसे घ्यावे, हे दुसऱ्याच प्रकरणात येते. आतल्या यंत्रणेचे प्रकरण शेवटी आहे.

आराखडा लवकर आखण्याचा आणखी एक लाभ आहे. गिटमधील 'चेकआउट' ही एकच आज्ञा कामाची शाखा बदलते आणि फायलीतील न नोंदलेले बदल पुसूनही टाकते. नवख्याला हे समजावताना कोणत्याही लेखकाची दमछाक होणारच. अखेर २०१९ मध्ये या दोन कामांसाठी 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशा वेगळ्या आज्ञा आल्या. जे सोप्या शब्दांत सांगता येत नाही, ते बहुधा मुळातच बदलायला हवे असते. म्हणून हस्तपुस्तिका लिहिणाऱ्याला सॉफ्टवेअर पूर्ण झाल्यावर नव्हे, ते घडत असतानाच बोलवावे. त्याच्या शेजारी एखादा नवखा वापरकर्ता बसवावा आणि तो कुठे अडतो, हे मुकाट्याने पाहावे. पुस्तिकेची अनुक्रमणिका तिथेच तयार होते.