छात्रशिक्षकांनी मागच्या रांगेत बसावे

आमच्या शाळेत अध्यापक विद्यालयाचे छात्रशिक्षक पाठ घ्यायला येतात. रंगीत तक्ते आणतात, गाणी म्हणतात. आम्हांला फार मज्जा येते. पण मला एक गोष्ट सांगायची आहे.

पाठ चालू असताना त्यांचे मोठे सर मागे खुर्चीवर बसून वहीत गुण लिहितात. म्हणून छात्रशिक्षक हात वर असेल त्यालाच विचारतात. माझा हात नेहमी वर असतो. मागच्या रांगेतल्या माझ्या मित्राचा कधीच नसतो. मोठे सर त्याच्या शेजारीच असतात, पण ते वहीत बघतात. (मित्राचे नाव लिहीत नाही. तो नको म्हणाला.)

तो 'घर'चे 'धर' लिहितो. पंचेचाळीस म्हटले की ५४ लिहितो, कारण पाच आधी ऐकू येतो. एकदा नव्या सरांनी त्याला उभे करून धडा वाचायला लावला. तो अडखळला. सगळे हसले. मीपण हसलो. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आलाच नाही, शेळ्यांमागे गेला. पण तो ढ नाही. बाजारातला हिशोब तो तोंडी माझ्या आधी करतो.

नंतर एक छात्रशिक्षिका बाई आल्या. मधल्या सुट्टीत त्या त्याच्याजवळ बसल्या. ताटात वाळू पसरून बोटाने 'घ' आणि 'ध' गिरवून घेतले. 'घ'ची वरची रेघ पूर्ण, 'ध'ची तुटकी, हे दाखवले. चिंचोक्यांचे दहा-दहाचे चार ढीग आणि पाच सुटे, म्हणजे ४५. धड्यावरचे प्रश्न तोंडी विचारले. त्याने पटापट उत्तरे दिली. त्याला सगळे आले असे नाही. पण आता तो हात वर करतो.

आमचे गुरुजी म्हणाले, काही मुलांना बुद्धी असूनही वाचणे, लिहिणे, गणित जड जाते. त्याला अध्ययन अक्षमता म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचे नाव आहे. मात्र अडखळणाऱ्या प्रत्येकाला ती असतेच असे नाही. ते तज्ज्ञ तपासून सांगतात.

म्हणून मला वाटते, प्रत्येक छात्रशिक्षकाने एक आठवडा तक्ता बाजूला ठेवून अशा एका मुलाजवळ बसावे. त्या मुलाला काय आले, यालाही गुण असावेत. कोणी म्हणेल, एवढ्या मुलांत एकाकडे कसे बघणार? म्हणून तर शिकतानाच सवय लागली पाहिजे.

आणि आईबाबांनो, अक्षर उलटे आले म्हणून मारू नका. मारून 'ध'चा 'घ' होत नाही.

मी आता हसत नाही.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी