पल्ला कोणी ठरवला?

फ्रान्सच्या उत्तर भागात 1896 सालापासून पॅरिस-रुबे ही एका दिवसाची सायकल शर्यत होत आली आहे. शेतांमधून जाणाऱ्या ओबडधोबड दगडी रस्त्यांमुळे ती फार खडतर समजली जाते. स्त्रियांसाठी ही शर्यत प्रथम भरली ती 2 ऑक्टोबर 2021 रोजी, म्हणजे तब्बल 125 वर्षांनी!

त्या दिवशी इंग्लंडची लिझी डाइग्नन पहिला दगडी टप्पा येण्यापूर्वीच पुढे निघाली आणि उरलेले सुमारे 82 किलोमीटर एकटीने तोडून जिंकली. यात विशेष ते काय? हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर ही शक्ती आठपट हवी. घोळक्यातील सायकलपटूला पुढच्याचा आडोसा मिळतो व श्रम वाचतात. एकटीला आडोसा कुठला? शिवाय दगडांचे हादरे असे, की तिचे तळहात सोलवटून हँडलाला रक्त लागले.

आता आकडे पाहा. तिची शर्यत सुमारे 116 किलोमीटरची होती आणि तिला जवळजवळ तीन तास लागले. दुसऱ्या दिवशी पुरुषांची शर्यत झाली ती सुमारे 257 किलोमीटरची. विजेत्याला सहा तास लागले. दोघांचा सरासरी वेग तुम्हीच काढा. अंतर आणि हवामान वेगळे असल्याने ही तुलना काटेकोर नाही. पण वेगातील फरक थोडा आणि पल्ल्यातील फरक मात्र दुपटीहून अधिक, हे सहज दिसेल.

स्त्रियांना लांब पल्ला झेपत नाही, असे पुष्कळ वर्षे सांगितले गेले. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटर धाव झाली. त्यानंतर ती वगळली गेली आणि 1960 मध्ये परत आली. सरासरीने पुरुषांचे स्नायू मोठे असतात, रक्तातील हिमोग्लोबिनही अधिक असते, हे खरे. त्याने वेगात फरक पडतो. पण पल्ला गाठताच येणार नाही, असे त्यातून सिद्ध होत नाही. उलट 1967 साली इंग्लंडच्या बेरिल बर्टनने 12 तासांत सुमारे 446 किलोमीटर सायकल चालवून त्याच शर्यतीतील पुरुषांनाही मागे टाकले! स्त्रियांमधील तिचा हा विक्रम पुढे 50 वर्षे टिकला.

तेव्हा पल्ला आखला तो शरीरशास्त्राने नव्हे, तर रूढीने, असे आम्हास वाटते. 2024 मध्ये स्त्रियांची पॅरिस-रुबे सुमारे 148 किलोमीटरची झाली आणि तीही त्यांनी पुरी केली. मग तिथेच का थांबावे?

विज्ञानाची शिकवण साधी आहे: आधी मोजा, मग बोला. ज्यांना धावूच दिले नाही त्यांना धावता येत नाही, हा निष्कर्ष प्रयोगाशिवाय काढलेला आहे. तुमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धेत मुलींचे अंतर कमी ठेवले असेल, तर शिक्षकांना नम्रपणे कारण विचारा. आणि शिक्षकहो, उत्तर ठाऊक नसेल, तर यंदा मुलींना तेवढाच पल्ला देऊन पाहा. घड्याळ उत्तर देईल.