दुर्बोधतेचे खापर कुणाच्या माथी?

मराठी कादंबरीच्या चर्चेत ‘सामान्य वाचक’ नावाचे एक पात्र वारंवार अवतरते. ते स्वतः कधी बोलत नाही; त्याच्या वतीने इतरच बोलतात. नवतेचा पक्ष घेणारा समीक्षक म्हणतो : संज्ञाप्रवाह, खंडित कालक्रम, विश्वासार्ह नसलेला निवेदक ही सारी या वाचकाच्या आवाक्याबाहेरची आहेत, तेव्हा त्याचा विचार करण्याचे प्रयोजन नाही. देशीयतेचा कैवारी म्हणतो : ही तंत्रे परकी आहेत, या वाचकाच्या जगण्याशी त्यांचा संबंध नाही, तेव्हा तंत्रांचाच विचार करण्याचे प्रयोजन नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत असले, तरी त्या वाचकाला वाचता येत नाही या मुद्द्यावर त्यांचे संपूर्ण एकमत आहे. प्रस्तुत लेखक केज तालुक्यातल्या नांदूरघाटचा, म्हणजे ज्याच्या नावाने हा वाद चालतो त्या पात्राच्या गावचा आहे. या एकमताला हरकत घेणे एवढाच या टिपणाचा हेतू.

प्रथम परकेपणाचा आक्षेप. जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ची, मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ची. संज्ञाप्रवाहाचे तंत्र आपल्याकडे बाहेरून आले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली तेव्हा कादंबरी हा प्रकारच बाहेरून येत होता. हरिभाऊंच्या वास्तववादाला कुणी परका म्हणून बाजूला सारत नाही. मग परकेपणाचा दाखला केवळ १९४२ नंतरच का मागितला जातो? आणि ज्यांच्या ‘साहित्यातील देशीयता’ या विवेचनाचा आधार घेऊन तंत्राला नाके मुरडली जातात, त्या नेमाड्यांची पहिली कादंबरी ‘कोसला’ (१९६३) निवेदनाच्या दृष्टीने मराठीतील अत्यंत अस्वस्थ कादंबऱ्यांपैकी एक आहे, याचे काय करायचे? पांडुरंग सांगवीकरची ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ही लकब म्हणून गाजली, तिची नक्कलही झाली. वस्तुतः ती लकब नव्हे. अनुभवाला नेमके नाव देऊन वाक्य पुरे करण्यास दिलेला तो नकार आहे. हे तंत्रच होय. ते देशी की विदेशी, हा प्रश्न मणीच्या मृत्यूची पाने वाचणाऱ्याला सुचतदेखील नाही.

आता आवाक्याचा मुद्दा. किरण नगरकरांची ‘सात सक्कं त्रेचाळीस’ (१९७४) मी पहिल्यांदा हाती घेतली आणि चाळीसेक पानांनंतर मिटून ठेवली. काळ मागेपुढे होतो, ‘मी’ म्हणता म्हणता निवेदक ‘तू’ म्हणू लागतो, आणि कोणता प्रसंग आधीचा याचा पत्ता लागत नाही. दुसऱ्यांदा ती घरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मोठ्याने वाचू लागलो. आई निवडण-टिपण करीत ऐकत होती. तिला अक्षरओळख नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “हा कोणाला सांगायलाय रे?” काय घडले, पुढे काय झाले, हे तिने विचारले नाही. निवेदन कोणाला उद्देशून आहे, हे तिला हवे होते. ज्या प्रश्नाला निवेदनमीमांसेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिभाषा मिळाली, तो प्रश्न तिने तूर निवडता निवडता विचारला. आणि मी चाळीस पानांत तो विचारला नव्हता, कारण मला कथानक शोधण्याचे शिक्षण मिळालेले होते.

यावर मौखिक परंपरेचे उदात्तीकरण केल्याचा आरोप होईल. तो अंशतः मान्य करून पुढे जाऊ. ज्या जिल्ह्यात आंबेजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे, जिथे पंचीकरणासारखा विषय कापडावर आकृत्यांसह लिहिला गेला, तिथल्या माणसाला सरळ रेषेतच वाचता येते असे म्हणणे धाडसाचे आहे. ‘लीळाचरित्रा’तील लीळा सुट्या सुट्या उभ्या राहतात, स्मरण हेच तिथे रचनेचे तत्त्व आहे. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात थांबवतो, अभंगाकडे वळतो, दृष्टान्तात शिरतो आणि श्रोता ताटकळत नाही. तुटलेला काळ आमच्या कानांना अपरिचित नाही.

परंतु एक महत्त्वाचा भेद आहे, आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कीर्तनकार श्रोत्याचा हात धरून त्याला आख्यानात परत आणतो. नवकादंबरीकार तो हात जाणूनबुजून सोडून देतो. तेव्हा वाचकाची अडचण खंडित काळाची नाही, त्या सुटलेल्या हाताची आहे. आयझरने संहितेतील रिकाम्या जागांविषयी जे म्हटले, त्याचा आमच्या संदर्भातला अर्थ हाच. हात सुटल्यावर वाचकाने स्वतः चालावे, अशी ही कादंबरी अपेक्षा करते. त्यासाठी फार मोठी विद्वत्ता लागत नाही. दुसऱ्यांदा वाचण्याची सवड लागते आणि पहिल्या वाचनात चुकण्याची मुभा लागते.

हात सोडण्याला कारण हवे, हेही तितकेच खरे. जिथे वाचकाला झालेला त्रास हा पात्राच्या त्रासाचाच भाग असतो, तिथे दुर्बोधता सार्थ ठरते. कुशंक पुरंदरेला आपले आयुष्य सलग सांगता येत नाही; ते सलग सांगणारी कादंबरी त्याच्याविषयी खोटे बोलली असती. याउलट, सरळ सांगता येण्याजोगी हकीकत केवळ प्रतिष्ठेपायी उलटसुलट कापून मांडणाऱ्या कादंबऱ्याही आपल्याकडे निघाल्या. त्यांना वाचकाने नाकारले तर तो त्याचा वाचनविवेक होय, अडाणीपणा नव्हे. हा भेद करणे समीक्षेचे काम होते. तिने एक तर सगळ्याच दुर्बोधतेला गहनता म्हटले, नाही तर सगळीलाच थोतांड ठरवले.

मग रिकाम्या जागा भरतो कोण? आमच्या महाविद्यालयांत त्या गाइडे भरतात. पदव्युत्तर वर्गात ‘कोसला’ लागते. विद्यार्थ्याच्या हाती कादंबरी येण्याआधी तिचे ‘कथानक’ येते, कालक्रमाने इस्त्री करून ठेवलेले. त्यामागून पात्रचित्रण, वातावरण आणि भाषाशैली अशा तीन खणांची पेटी येते. परीक्षेत कथानक सांगा म्हणून प्रश्न येतो आणि ज्या कादंबरीने कथानकाचीच कोंडी केली, तिचे कथानक विद्यार्थी निमूटपणे लिहून देतो. मी स्वतः असे उत्तर लिहून चांगले गुण मिळवले आहेत. त्या उत्तरात मणीचा मृत्यू एका ओळीत आटोपला होता.

दसऱ्यानंतर आमच्या भागातली घरेच्या घरे उसतोडीला निघतात. मुलांची शाळा तुटते, वर्षाचे दोन तुकडे होतात. त्या घरांतून आलेला मुलगा जेव्हा एम.ए.च्या वर्गात बसतो, तेव्हा ‘तुला तुटलेला काळ समजणार नाही’ असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाचा? त्याला सारांश देणे ही सहानुभूती नव्हे. त्याच्या वाट्याची कादंबरी परस्पर वाचून टाकणे आहे ते.

तेव्हा समीक्षकांना विनंती एवढीच, की सामान्य वाचकाच्या वतीने बोलणे आता थांबवावे. त्याच्या हाती मूळ पुस्तक द्यावे, चाळीस पानांवर ते मिटले तर मिटू द्यावे, आणि दुसऱ्यांदा उघडेपर्यंत वाट पाहावी. तो जे प्रश्न विचारील त्यांची उत्तरे आपल्यापाशी आहेत का, याची चिंता त्यांनी तोवर करावी. आईच्या प्रश्नाचे पुरते उत्तर मला अजून देता आलेले नाही.