‘उद्या या’ ही सवय कशी मोडेल?

मे महिना म्हणजे आलापल्लीच्या परिसरात तेंदूपत्त्याचा हंगाम. वर्षात रोख पैसा हाती येण्याचे हेच थोडे दिवस. नेमके याच सुमारास मुलांच्या प्रवेशासाठी दाखले काढावे लागतात. 1990 साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या खऱ्या, पण त्यांची वाट जातीच्या दाखल्यातूनच जाते. कचेरीत ‘उद्या या’ म्हटले की आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते. असे तीन-चारदा झाले तर मुलाचे वर्षच बुडायची पाळी येते. काम गडचिरोलीला असेल तर शंभर किलोमीटरहून जास्त प्रवास, तो वेगळाच.

अशा वेळी आपण ‘कर्मचारीच कामचोर’ म्हणून मोकळे होतो. आम्हाला वाटते, दोष कचेरीच्या वळणाचाही आहे. जिथे कागद सापडत नाही, कामाला मुदत नाही, उशिराबद्दल कोणी विचारत नाही, तिथे चांगला कारकूनही सुस्तावतो. वळण बदलले की तीच माणसे झपाट्याने काम करतात.

याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. 1980 च्या दशकात अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीची घडीच बदलली. जुने दप्तर छाननी करून वर्गवार लावले. ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवायचे, ‘ड’ वर्गाचे वर्षाने नष्ट करायचे. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून हे काम गाजले. पुढे 2017 साली पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी’ मोहीम राबवली. टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे केले. आज काय करायचे आणि कोणते प्रकरण उत्तरासाठी थांबले आहे, हे कर्मचाऱ्याला नजरेसमोर दिसू लागले.

पण साहेबांची बदली झाली की जुनी सवय परतू शकते. म्हणून 2015 चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा मोलाचा. त्यात अधिसूचित सेवेला मुदत आहे. सेवांची यादी, फी व मुदत फलकावर लावलीच पाहिजे. अर्जाची पोच मिळालीच पाहिजे. उशीर झाला किंवा अर्ज नाकारला तर वरिष्ठांकडे पहिले अपील, मग दुसरे, शेवटी आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. साहेबांची मर्जी होती, तिथे आता आपला हक्क आहे.

मात्र नुसत्या दंडाच्या धाकाने काम सुधारत नाही. ज्यांना आपण अजून ग्रामसेवक म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे एकाहून अधिक गावांचा कारभार असेल, त्यात नेटवर्क गेलेले असेल, तर तो तरी काय करील? तेव्हा रिकाम्या जागा भरा, ही मागणीही ग्रामसभेत आपणच लावून धरायला हवी.

बंधू-भगिनींनो, तेंदूच्या फळीवर जाण्याआधीच अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. मुदतीची तारीख घरातल्या वहीत लिहा. वस्तीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी शेजाऱ्यांच्या तारखाही लक्षात ठेवाव्यात. फलक नसेल तर नम्रपणे, पण चारचौघांत विचारा. विचारणारा समोर उभा राहिला की कचेरीचे वळण बदलू लागते, आणि ते टिकवणेही आपल्याच हाती आहे.