चांगल्या डॉक्टरांना थकवतं तरी काय?

शंका, अपराधभाव आणि अवाजवी जबाबदारीची जाणीव. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ ग्लेन गॅबार्ड यांनी १९८५ मध्ये डॉक्टरांच्या स्वभावात ही तीन लक्षणं नोंदवली. याच गुणांमुळे डॉक्टर रिपोर्ट दोनदा तपासतो, घरी जाताजाता पुन्हा वॉर्डात डोकावतो. रुग्णाला असाच डॉक्टर हवा असतो. आणि आतून खचण्याचा धोकाही त्यालाच अधिक.

सरकारी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांकडे पाहिलं की हे उमगतं. पहाटे एक रुग्ण दगावतो. डॉक्टर नातेवाइकांना सांगतो, कागदपत्रं पुरी करतो आणि शेजारच्या खाटेकडे वळतो, कारण तिथल्या रुग्णाला दम लागलेला असतो. सकाळी राउंड, मग ओपीडी. 'आपलं काही चुकलं का?' हे कुणाला विचारायला सवड नाही आणि विचारलंच तर सिनियरचं उत्तर ठरलेलं : आम्हीही हेच केलं.

हळूहळू तो रुग्णाला नावानं ओळखेनासा होतो. उरतो 'बेड नंबर बारा'. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅसलॅक यांनी बर्नआउटच्या तीन बाजू सांगितल्या : भावनिक थकवा, माणसांविषयी कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच होत नाही ही भावना. लोकांना यातला कोरडेपणा तेवढा दिसतो आणि ते डॉक्टरला माणुसकीशून्य ठरवतात. प्रत्यक्षात तो बहुतेकदा मनानं स्वतःला वाचवण्यासाठी ओढून घेतलेला पडदा असतो.

यावर महाविद्यालयं ताणमुक्तीचं व्याख्यान ठेवतात. दोष डॉक्टरच्या मनाच्या कमकुवतपणाचा आहे, असंच त्यातून सुचवलं जातं, आणि हे अन्यायाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये बर्नआउटचा संबंध कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या दीर्घ ताणाशी जोडला. निवासी डॉक्टरांना सलग १२ तासांहून अधिक काम नको, आठवड्याला ४८ तास पुरेत, असं केंद्राचे १९९२ चे निर्देश सांगतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटानं २०२४ मध्ये आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्याच गटाच्या सर्वेक्षणात पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. ज्यांच्या हाती आपण जीव सोपवतो, त्यांच्याबद्दलचा हा आकडा आहे!

समुपदेशकही दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून थकतात. पण त्यांच्या व्यवसायात निदान एक चांगली रीत आहे : अवघड केस अनुभवी सहकाऱ्यापुढे मांडायची आणि त्या केसनं आपल्या मनाचं काय केलं हेही बोलायचं. मनोविश्लेषक मायकेल बॅलिंट यांनी १९५०च्या दशकात लंडनमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांसाठी असेच गट सुरू केले. आपल्याकडच्या प्रत्येक विभागात आठवड्याला तासभर अशी बैठक व्हावी, आणि तिथलं बोलणं मूल्यमापनात कुणाच्या विरोधात जाऊ नये.

अर्थात सलग ३६ तास जागलेला डॉक्टर त्या बैठकीत डोळे मिटेल. त्यामुळे आधी ड्युटीच्या तासांची मर्यादा कागदावरून वॉर्डात यायला हवी, आणि त्यासाठी रिक्त पदं भरायला हवीत.