सायकलस्वाराची खांद्यावरील पिशवी

नागपूरहून दक्षिणेस हैदराबादकडे जाणारा राजमार्ग वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाटच्या अलीकडे जाम या गांवावरून जातो. वरोरा-चंद्रपूरकडील रस्ता येथेंच फुटत असल्यामुळें गांवाच्या मानानें येथील रहदारी फारच मोठी आहे. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणाऱ्या ज्या रस्त्यास हल्लीं राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणतात व ज्याचा या भागांतील क्रमांक पूर्वीं ७ होता, तोच हा रस्ता. अर्थात् मालमोटारींची रीघ रात्रंदिवस चालू असते आणि तिच्याच कडेनें शाळेस जाणारीं मुलें सायकली हांकीत असतात.

हें सांगण्याचें कारण, तेथील एका वाचकभगिनीचें या सदराकडे आलेलें पत्र. त्यांची नात आठवींत आहे. खांद्याला एकपट्टी पिशवी अडकवून ती सायकलनें शाळेस जाते. वाटेंत पिशवी सारखी सरकून पोटाशीं येते व गुडघ्यावर आपटते. एकदां तर तोल जातां जातां वांचला. तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. आजोबा म्हणतात, सायकल बंद करा. सूनबाईंचें म्हणणें, सायकल बंद झाली तर शाळाहि निम्मी बंद झालीच म्हणावयाची, कारण रोज पोंचवावयास मोकळें माणूस घरांत नाहीं. आजीबाई विचारतात, यांत खरें कोणाचें?

आजोबांची काळजी अगदीं खरी आहे, पण त्यांनीं काढलेला उपाय आम्हांस मान्य नाहीं. सायकलींत दोष नाहीं. पट्ट्याच्या मापांत आहे, आणि तें माप दहा मिनिटांत घरच्या घरीं दुरुस्त करतां येतें.

मुळांत खांद्यावरची झोळी ही चालणाऱ्या माणसाची वस्तु. आपल्याकडे जिला शबनम म्हणतात ती पिशवी घ्या, नाहीं तर सुताराची हत्यारांची पिशवी घ्या. माणूस ताठ उभा असतो, पिशवी ओळंब्यासारखी सरळ खालीं लोंबते व पावलाबरोबर थोडीशी झुलते. त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. सायकलवर बसल्याबरोबर मात्र शरीराची ठेवण पालटते. हात पुढें जातात, पाठ उताराची होते, आणि मांड्या सारख्या वरखालीं होऊं लागतात. उतारावर ठेवलेली वस्तु खालची जागा शोधणारच. पाठीवरची पिशवी बगलेखालून घसरत पोटाखालीं येते ती याच कारणानें. तींत मुलीचा हलगर्जीपणा नसतो. दुकानांत उभें राहून पट्टा कंबरेपर्यंत सोडून घेतलेला असतो, आणि तोच पट्टा पाठ वांकतांच सैल पडतो.

मग मूल काय करतें? एक हात सोडतें व पिशवी मागें लोटतें. खरें संकट येथें आहे. मोठी मालमोटार शेजारून भरधाव जाते तेव्हां तिच्या पुढील वारा सायकलस्वारास प्रथम बाहेर ढकलतो, आणि ती निघून जातांना मागील पोकळी त्याला आंत ओढते. त्या दोन क्षणांत दोन्ही हात मुठींवर हवेत. नेमका त्याच वेळीं एक हात पिशवीशीं गुंतलेला असला, तर पुढील गोष्ट आजोबांना सांगावयास नको.

कांहीं मुलें यावर तोड म्हणून पिशवी हँडललाच अडकवितात. ही तोड मूळ रोगाहून वाईट. वळतांना ओझें हँडलला एका बाजूस खेंचतें, आणि पिशवीचा कोपरा किंवा बंद पुढच्या चाकाच्या आऱ्यांत सांपडला म्हणजे सायकल जागच्याजागीं थांबते, स्वार मात्र थांबत नाहीं. भाजीची जुडी घरापर्यंत आणावयाची असेल तर गोष्ट वेगळी. पुस्तकांचें ओझें हँडलवर कधींहि नको.

सायकलवरून सामान वाहून ज्यांचें पोट भरतें त्यांच्याकडे या कामीं थोडें पाहावें. मुंबईच्या डबेवाल्यांची परंपरा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केली असें सांगतात. तेथील सायकलवाला डब्यांचा भार स्वतःच्या एका खांद्याला दिवसभर लोंबवीत नाहीं. तो सायकलवर घालतो. उलट परदेशांतील मोठ्या शहरांत कचेऱ्यांचे कागद सायकलवरून पोंचविणारे निरोप्ये पिशवी पाठीवरच घेतात, कारण त्यांना घडोघडीं ती पुढें ओढून कागद काढावयाचे असतात. त्यांच्या पिशवीचा नमुना न्यूयॉर्कमधील दे मार्तिनी या कापडकाम करणाऱ्या कारखान्यानें १९५० नंतरच्या दशकांत तयार केला, आणि तोहि सायकलस्वारांसाठीं नव्हे, तारांच्या खांबांवर चढणाऱ्या कामगारांसाठीं! खांबावर चढणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात व पिशवी अंगाशीं घट्ट बसावी लागते. सायकलस्वाराची गरज तीच, म्हणून १९७० नंतर निरोप्यांनीं ती उचलली. आज आपल्या बाजारांत ‘मेसेंजर बॅग’ म्हणून जी मिळते ती या पिशवीचीच नात; फक्त दुकानदार ती विकतांना कंबरेखालीं लोंबवून दाखवितो, आणि निरोप्या ती खांद्याच्या फऱ्यांखालीं घट्ट आंवळून घेतो, एवढा दोघांत फरक.

आतां मापाकडे वळूं. पहिली व मुख्य गोष्ट ही कीं, पट्टा उभें राहून मापूं नये; सायकलवर बसून मापावा. अंगणांत सायकल उभी करून घरांतील एका मोठ्या माणसानें तिचें कॅरियर धरावें. (हें काम आजोबांकडेच द्यावें, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.) मुलीनें नेहमींचीं पुस्तकें भरलेली पिशवी घ्यावी, रिकामी नव्हे. पट्टा डोक्यावरून आडवा, एका खांद्यावरून दुसऱ्या बगलेखालीं असा घालावा; एकाच बाजूच्या खांद्याला नुसता टांगलेला पट्टा सायकलवर टिकणें शक्यच नाहीं. मग तिनें सीटवर बसून दोन्ही हात मुठींवर ठेवावेत व नेहमीं वांकते तेवढें वांकावें. आतां दुसऱ्या कोणीं तरी पट्टा हळूहळू आंवळावा. पिशवीचा खालचा कांठ कंबरेच्या हाडाच्या किंचित् वर आला, सीटला लागेनासा झाला, व पिशवी पाठीवर सपाट बसली म्हणजे थांबावें. छातीवर पट्ट्याखालीं दोन बोटें सहज जावींत. न गेलीं तर श्वासास अडथळा होईल. चार जात असलीं तर पिशवी घसरेल.

एवढ्यावर परीक्षा संपत नाहीं. मुलीला मान वळवून मागें पाहावयास सांगावें, उजवीकडे व डावीकडे. पिशवी खांद्याबरोबर फिरतां कामा नये. मग पायंडलांवर थोडें उभें राहावयास सांगावें, चढावर राहतात तसें. गुडघा पिशवीला लागतो काय तें पाहावें. शेवटीं तिला सायकलवरून खालीं उतरून उभें राहूं द्यावें. आतां पट्टा थोडा घट्ट व पिशवी अंमळ उंच वाटेल. तसेंच वाटलें पाहिजे. पुष्कळ मुलें येथेंच बकलाकडे हात नेतात व पट्टा सैल करतात. वर्गांत चालत जातांना करा, पण परत सायकलवर बसण्यापूर्वीं पुन्हां आंवळा, हें त्यांना एकदां बजावून ठेवावें.

इतकें करूनहि कांहीं पिशव्या घसरतातच, विशेषतः गुळगुळीत नायलॉनच्या. तिकडील निरोप्यांच्या पिशवीला यासाठीं एक तिसरा लहान पट्टा असतो. तो पिशवीच्या खालच्या कोपऱ्यापासून निघून बगलेखालून पुढें येतो व छातीवरील मुख्य पट्ट्यास जोडला जातो; त्यामुळें पिशवी बाजूस सरकूं शकत नाहीं. बाजारांत अशी पिशवी शोधीत बसण्याचें कारण नाहीं. खाटेच्या नवारीची दोन बोटें रुंद पट्टी घरांत असतेच. तिचें एक टोक पिशवीच्या त्या कोपऱ्यास दुहेरी शिवणीनें पक्कें करावें, व दुसरें मुख्य पट्ट्याला सुरगांठीनें बांधावें. निरगांठ मात्र मारूं नये. पडण्याचा प्रसंग आलाच तर एका ओढीसरशी पिशवी अंगावेगळी झाली पाहिजे. पट्टीचें उरलेलें टोक लोंबतें न ठेवतां आंत खोंवावें. साखळी आणि मागचें चाक यांना लोंबत्या वस्तूंची फार आवड असते. ओढणी असेल तर ती अगोदर पाठीमागें नीट बांधून मगच पट्टा घालावा, म्हणजे एका पट्ट्यानें दोघींचा बंदोबस्त होतो.

कोणत्या खांद्यावर पट्टा घ्यावा? आपल्या रस्त्यावर डाव्या अंगानें चालावयाचें असतें व मोठीं वाहनें उजवीकडून पुढें जातात. म्हणून राजमार्गावर पट्टा उजव्या खांद्यावर व पिशवीचा कल डाव्या कुशीकडे असावा. न जाणो घसरलीच, तर ती शेताच्या बाजूस घसरेल, मालमोटारीच्या बाजूस नव्हे. पण रोज एकाच खांद्यावर ओझें घेतल्यास मानेच्या त्या बाजूचे स्नायु ताठरतात, पट्टा मानेच्या मुळाशीं रुतला तर हाताला मुंग्याहि येतात. यासाठीं पट्टा मानेशीं न घेतां खांद्याच्या मध्यावर घ्यावा, तेथें जुन्या गोधडीचा तुकडा घडी करून शिवावा, आणि गांवांतील शांत रस्त्यावर, किंवा पायीं चालतांना, खांदा बदलावा.

वजनाविषयीं महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं आदेश काढून दप्तराचें ओझें मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावें असें ठरविलें आहे. मुलगी ४० किलोची असेल तर पिशवी ४ किलोची, पाण्याच्या बाटलीसकट. आमच्या मतें सायकलवर एकपट्टी पिशवी असेल तर याहूनहि कमीच बरें, कारण सारा भार एका खांद्यावर येतो. घरच्या काट्यावर एकदां वजन करून पाहावें. आंकडा पाहून पुष्कळ मातापित्यांस आश्चर्य वाटेल. जास्त भरलें तर पाण्याची बाटली, डबा व त्या दिवशींचा जाडजूड ग्रंथ कॅरियरवर रबरी पट्ट्यानें आंवळून न्यावा. पिशवींतहि मांडणी हवी. मोठीं, सपाट पुस्तकें पाठीशीं लागून. शिक्षकांचा किंवा कॉलेजांतील मुलांचा लॅपटॉप असला तर तोहि तेथेंच, जाड कापडांत गुंडाळून. डबा बाहेरच्या अंगास आणि तळाशीं. नाहीं तर त्याची कड दर खड्ड्यागणिक पाठीच्या कण्यावर बसते. कंपासपेटीचें टोंक आंत पाठीकडे वळलेलें नाहीं ना, हेंहि पाहावें.

दोन पट्ट्यांची पाठपिशवी यापेक्षां बरी नाहीं काय, असें कोणी विचारील. लांबच्या वाटेला ती निश्चित बरी. भार दोन्ही खांद्यांवर सारखा विभागतो. नवी घ्यावयाचीच असेल तर शाळकरी मुलांस तीच घ्यावी. पण ज्या घरीं एकपट्टी पिशवी धडधाकट आहे तेथें ती केवळ या कारणानें टाकून द्यावी असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय वाटेंत वारंवार कागद काढावे लागणारे टपालवाले, वसुली करणारे, घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका, यांना एकपट्टीच सोयीची आहे.

विदर्भांतील उन्हाळा वेगळा सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या घरांत जातो तेव्हां पाठीला चिकटलेल्या नायलॉनखालीं घामाची धार लागते व घामोळें उठतें. पिशवीच्या पाठीकडील बाजूस जाड खादीचा एक पदर शिवल्यास घाम टिपला जातो, व खरखरीत कापडामुळें घसरणहि कमी होते. तो पदर टांचणीच्या बटनांवर बसविला तर आठवड्यास काढून धुतां येईल. पावसाळ्यांत वह्या प्लास्टिकच्या पिशवींत घालून मग दप्तरांत ठेवाव्या; भिजलेलें कापड जड होतें तें वेगळेंच. रेनकोट पिशवीवरून घालावा, पिशवी रेनकोटवरून घेऊं नये. ओल्या रेनकोटवर कोणताहि पट्टा ठरत नाहीं.

एकत्र कुटुंबांत आणखी एक अडचण येते. सायकल एक, पिशवी एक, आणि वापरणारीं तिघें. सकाळीं थोरला चुलतभाऊ आपल्या उंचीप्रमाणें पट्टा सोडून शिकवणीस जाऊन येतो. दुपारीं धाकटी तीच पिशवी तशीच गळ्यांत घालून निघते. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येकाचें माप वर सांगितल्याप्रमाणें एकदां घेऊन बकलाच्या जागीं पट्ट्यावर रंगीत दोऱ्याचा टांका घालून ठेवावा: ताईचा लाल, दादाचा निळा, आणखी कोणाचा हिरवा. निघतांना बक्कल आपल्या रंगावर आणावें. मुलें भराभर वाढतात, तेव्हां दर सहा महिन्यांनीं टांके उसवून पुन्हां घालावे.

जामच्या आजीबाईंस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, या रविवारीं अंगणांत आजोबांनीं सायकल धरावी व माप घ्यावें. त्यानंतर आठवडाभर मुलीनें राजमार्ग सोडून गांवांतल्या रस्त्यानें भरल्या पिशवीनिशीं फेऱ्या माराव्यात. पिशवी मागें लोटण्यासाठीं हात एकदांहि सोडावा लागला नाहीं असें आजोबांनीं स्वतः पाहिलें, म्हणजे शाळेच्या वाटेवर पाठवावें. आणि नवारीची शिवण अधूनमधून ओढून पाहावी. दोरा प्रथम कोपऱ्याशींच तुटतो.